बिगरपंख्याचं कार्ड

आमच्या दुकानाच्या कोपऱ्यात जळकी तार साठायची. रोज उलीशी. मुद्दाम कुनी साठवत न्हाई, पन सहा महिन्यांनी बघावं तं पोतं भरल्यालं! किश्श्यांचं बी तसंच. मानसं रोज थोडं थोडं येड्यागत वागत्यात, आपन ऐकून सोडून देतो, आन एक दिवस ध्यानात येतं, आरं, पोतं भरलं की!

आज ते पोतं उपडं करतो. चिडलोय म्हनून. ज्या वस्तूचा अजून जन्म झाला न्हाई, तिच्यापायी आमच्या सोनईत शान्या शान्या मानसांनी काय धुमाकूळ घातला ते ऐका. त्यात मी बी हुतो. पन माझी चूक न्हाई. ते बी सांगतो.

मी नाना. चाळीस वर्षं विहिरीवरच्या मोटारींचं वायंडिंग केलं. शाळा चौथी, ती बी गुरुजींना दया आली म्हनून. पन नाक लई शिकल्यालं! जळकी मोटार टेम्पोतून उतरायच्या आधी मी वासावर सांगायचो, "मालक, एक फेज गेली तरी दोनावरच रेटली ना?" मालकाचं तोंड पडायचं.

आता डोळं गेलं, बारीक तार दिसत न्हाई. दुकान मिटवलं. शेजारी जावेदचं कम्प्युटर रिपेरिंग हाय, त्याच्या दारातल्या बाकड्यावर बसतो. जावेद कम्प्युटर खोलतो, धूळ फुंकतो आन म्हनतो, "नाना, जरा वास घ्या." मी वास घेतो. "जळालंय." जावेद गिऱ्हाइकाला सांगतो, "जळालंय." एवढं महागाचं मशीन, आन निदान माझ्या नाकावर!

बाकड्यावर माझ्याशिवाय दोघं कायमचे. एक भाऊसाहेब, कांद्याचा व्यापारी, माझ्याच वर्गातला. तो बी चौथीच. दुसरे सर, कॉलेजात कम्प्युटर शिकवत्यात. सरांचं डोकं कायम मोबाईलमधी. शेजारून हत्ती गेला तं हत्तीचा व्हिडिओ बघत्याल, हत्ती न्हाई बघायचे.

* * *

तुळशीचं लगीन झालं, सीझन लागला, आन संगीता रिक्षातून कम्प्युटर घेऊन आली.

संगीता म्हंजी मिक्सिंगवाली. नवरा लग्नात कॅमेरा धरतो, ही घरी कम्प्युटरवर बसून त्याचा पिच्चर बनवती. सोनई ते घोडेगाव, कुनाचं बी लगीन असू द्या, नवरी रडली की संगीताच्या मिक्सिंगमधी वरून गुलाबाच्या पाकळ्या पडनार म्हंजी पडनार! माझ्या नातीचं, पूजाचं लगीन बी तिच्याकडंच दिल्यालं.

"जावेदभाई, नवरीच्या तोंडावर हिरव्या रेघा येत्यात वो."

जावेदनं खोललं. आत एक जाड पाटी असती, पंखं लावल्याली. तिला ग्राफिक कार्ड म्हनत्यात. चित्राचं सगळं वझं ती उचलती. ती मेली की मिक्सिंग मेलं. मी वास घेतला. म्हनलं, "धुगधुगी हाय. पन लई दिवस न्हाई."

संगीताचं तोंड उतरलं. "सात लग्नं घेतल्यात नाना. समद्यांना तारीख दिलीय. शब्द गेला तं मानसं नेवाशाच्या मिक्सिंगवाल्याकडं जात्यात. आन एक घर तुटलं की त्याच्या मागनं सगळी भावकी तुटती."

जावेद म्हनला, "ताई, काळजी नको. नगरला एक जुनं पन चोख कार्ड हाय वळखीत. परवा आनतो, घरी लावून बघा. आवडलं तं ठेवा."

झालं! इषय संपला हुता. चहा सांगायचा आन घरी जायचं.

तेवढ्यात सरांनी मोबाईलमधून डोकं वर काढलं. वर्षात पहिल्यांदा!

"थांबा. आत्ता घेऊ नका. या कार्डाची नवीन जनरेशन येतेय."

मी म्हनलं, "कव्हा येतीय?"

"कंपनीनं अजून सांगितलेलं नाही."

"मंग तुमाला कुनी सांगितलं?"

"लीक झालंय, नाना."

"सर, चाळीस वर्षांत माझ्याकडं जे जे लीक झालं, ते मी साबन लावून बंद केलं. तुमी त्याच्यावर प्रपंच मांडाया लागले!"

* * *

सरांनी ठिनगी टाकली. भाऊसाहेबानं वर रॉकेल वतलं.

"ताई, मला कार्डातलं काय कळत न्हाई. पन मार्केट कळतं. लाल कांदा उतरला की जुन्या गावरानाचा भाव झोपतो. नवीन कार्ड उतरलं की जुनं मातीमोल. थांब जरा. घाई कशाला?"

मी म्हनलं, "भाऊसाहेब, कांदा वावरात दिसतो तरी. हे कार्ड कुनाच्या वावरात लावलंय?"

"नाना, तुला इंटरन्याशनल कळत न्हाई."

आता मला सांगा, ह्यो कोन बोलतोय? मागच्या साली ह्याच गड्यानं 'भाव वाढनार' म्हनून सगळा गावरान कांद्याच्या चाळीत दाबून ठेवला. शेवटी नाकाला रुमाल बांधून ट्रॉलीनं उकिरड्यावर नेला. गल्लीतल्या कुत्र्यांनी चार दिवस वाट बदलली हुती! मी त्याला आठवन करून दिली.

म्हनतो कसा, "तवा माझा अंदाज बरोबर हुता. मार्केट चुकलं!"

* * *

मंग सुरू झाला फोटूंचा धंदा.

दर दोन दिवसांनी सर मोबाईल नाचवत यायचे. "हे बघा, लीक!" बघावं तं काळा डबा, धुरकट, धुक्यात म्हैस बसल्यावानी. मी म्हनलं, "सर, हे स्टार्टर हाय आमच्या मोटारीचं." सर हसले न्हाईत.

सोमवारी म्हनले, नव्या कार्डाला मेमरी सोळा असनार. गुरुवारी म्हनले, चोवीस. पुढच्या सोमवारी म्हनले, अठरा नक्की. मी इचारलं, "सर, पोरांना मार्क बी असंच देता का?"

एक दिवस खबर आली, कार्ड लांब असनार. एक फूट तरी. लागली भाऊसाहेबाला काळजी! "संगीताच्या कम्प्युटरच्या डब्यात बसंल का रं?"

संगीताचा कम्प्युटर साफ करायला जावेदकडंच आल्याला. सरांनी मोबाईलमधलं माप सांगितलं, भाऊसाहेबानं बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, घातला आत. दोन बोटं कमी पडली.

आता शाना मानूस काय म्हनंल? कार्ड येऊ दे, मंग बघू. पन शाना मानूस त्या बाकड्यावर बसतो कशाला? भाऊसाहेबानं समोरच्या ग्रील फॅब्रिकेशनवाल्याला हाक मारली. "आरं, ग्रायंडर घेऊन ये!"

संगीता म्हनली, "आवो ऱ्हाऊ द्या की काका, कार्ड तरी येऊ द्या."

"ताई, तयारी पायजे!"

खर्रर्र! ठिनग्या उडाल्या. डब्याला पुढून हे एवढं भगदाड. ह्यालाच म्हनत्यात, बाजारात तुरी आन भट भटनीला मारी. मला एवढी चीड आली की मी माझा चहा तसाच ठेवून उठलो. मंग परत येऊन पिला, पन गार झाल्ता.

तिसऱ्या दिवशी डबा खोलला तं आत पाल. एकटी न्हाई, संसार मांडून! जावेद दोन हात मागं सरला. संगीता किंचाळली. सर वाकून वाकून त्या भगदाडाकडं बघत हुते.

म्हनले, "एअरफ्लो मात्र सुधारलाय."

* * *

आता माझी भानगड सांगतो. आधीच बोललो, माझी चूक न्हाई.

तवर जावेदनं नगरवरून ते जुनं कार्ड आनून संगीताच्या मशीनला लावल्यालं. हिरव्या रेघा गायब. नवरी नवरीवानी दिसाया लागली. ठेवायचं का न्हाई ते पंधरा दिवसांत सांगते म्हनली. म्हंजी ठेवनारच हुती.

हिकडं मला सरांच्या त्या लीकचा आला कटाळा. म्हनलं, एक लीक आपन बी सोडावं.

हॉटेलात गेलो. बाजारचा दिवस, गर्दी लई. मी आवाज बारीक केला. थाप मोठी असली की आवाज बारीक पायजे, तवाच मानसं कान देत्यात. म्हनलं, "कुनाला बोलू नका. माझ्या साडूचा जावई मुंबईला बंदरावर कंटेनर मोजतो. नवीन कार्ड उतरलंय. त्याला पंखाच न्हाई! वर ओलं फडकं टाकायचं, माठावानी गार ऱ्हातंय. आन पयलं जुनं कार्ड दिलं की नवं बदलून. मिक्सरची स्कीम असती ना, तसं."

झालं, चहा पिऊन घरी आलो. इसरून बी गेलो.

आठवड्यानं सर पळत आले. चष्मा नाकावर, श्वास वर. "नाना, मोठी बातमी! फॅनलेस आहे! ओल्या कापडाचं तंत्रज्ञान!"

मी गाल आतून चावला. "कुठून कळलं, सर?"

"राहुरीचा एक जण यूट्यूबला सांगतो. त्याचा माणूस थेट बंदरावर आहे!"

मी उठलो, दुकानाच्या मागं गेलो आन भिंतीला टेकून हसलो. दीड दिवस हसत हुतो. घरी म्हातारीला वाटलं पोटात वायू धरला. तिनं ओवा चारला.

दुसऱ्या दिवशी बाकड्यावर आलो तं जावेद पाठ करून बसल्याला. मी म्हनलं, "काय रं, कुनी मेलं का?"

"नाना, संगीताताई कार्ड परत देऊन गेली. म्हनली, स्कीममधी पयलं जुनं देऊन नवं मिळतंय, मंग आता ह्यात कशाला अडकू. ती गेली न्हाई तं तासाभरात शेवगावचा मानूस आला आन ते कार्ड घेऊन गेला."

माझा ओवा वर आला.

तसाच उठून संगीताच्या घरी गेलो. "आगं संगे, कुनी सांगितलं तुला स्कीमचं?"

"तुमीच की नाना! हॉटेलात. आमच्या ह्यांनी ऐकलं. वर सर बी म्हनले, पक्कं हाय."

"आगं येडे, मला साडूच न्हाई! आमची म्हातारी एकुलती एक हाय!"

"मला काय ठावं तुमची सासरवाडी?"

आता तुमी सांगा, चूक कुनाची? चाळीस वर्षं मी थापा मारतोय. गावाला ठावं हाय. एका तलाठ्याला मी सांगितलं हुतं, तुमची बदली भंडारदऱ्याला झाली. त्यो बिचारा भर उन्हाळ्यात स्वेटर आन गमबूट घेऊन तिकडं निघाला! तरी लोक माझं ऐकत्यात? आन सर एवढं शिकल्याले, त्यांनी एकदा तरी इचारावं का न्हाई, नाना, तुमाला साडू किती?

सगळा दोष मी त्यांनाच दिला. पन त्या दिवशी भाकर काय गोड लागंना.

* * *

नवीन कार्ड काय आलं न्हाई. पन जुन्याचा भाव वर चालला!

भाऊसाहेब म्हनला, "असं कसं? नवा माल यायच्या आधी जुना पडतो. हे कुठलं मार्केट?"

सर म्हनले, "ते पुढं ढकललंय, असं लीक आहे. सगळी मेमरी ते एआयवाले मोठे लोक उचलताहेत. आपल्यासाठी माल शिल्लकच नाही."

भाऊसाहेबाचं डोळं बारीक झालं. "म्हंजी आवक न्हाई. आन उचल जोरात."

"हो."

"तेजी!"

बाकड्यावरून असा उठला की दुसऱ्या टोकाला मी बसल्यालो, मी खाली! सरळ आत गेला आन जावेदच्या कपाटात तीन कार्डं हुती ती तिन्ही घेतली. दुकान मांडल्यावर घेनाऱ्याला जावेदनं न्हाई कसं म्हनायचं?

त्याच आठवड्यात संगीताचं ते रेघांचं कार्ड जळालं. रिक्षा दारात थांबली तवाच मला वास आला. ह्या खेपेला जावेदनं मला इचारलं सुदीक न्हाई.

एका घरून फोन, दुसऱ्या घरून मानूस. पिच्चर कव्हा? पिच्चर कव्हा? घोडेगावचं एक घर आलं आन आपलं शूटिंग उचलून नेवाशाला घेऊन गेलं. संगीता बाकड्यावर बसली. ह्या बाईचं तोंड कधी बंद नसतंय, गिरनीवानी चालू. त्या दिवशी हातात ते जळकं कार्ड, त्याचा पंखा बोटानं नुसती फिरवत बसली.

मंग उठून भाऊसाहेबाला म्हनली, "काका, तुमच्याकडलं एक द्या मला. तुमच्या पाया पडते."

भाऊसाहेब म्हनला, "ताई, आत्ता मोडलं तं माझं नुकसान. दोन महिने थांब."

परत थांब! आरं, लगीन झाल्यालं, पोरगी नांदाया गेल्याली, उद्या तिला पोर हुईल. तिनं लग्नाचा पिच्चर बारशाला बघायचा का? मी एवढा भांडलो की हॉटेलवाला बाहेर येऊन उभा ऱ्हायला. भाऊसाहेब ढिम्म.

* * *

आता ऐका, त्यानं ती कार्डं ठेवली कुठं? कपाटात? पेटीत? न्हाई. कांद्याच्या चाळीत!

चाळ म्हंजी बांबूच्या पट्ट्यांचं लांबच्या लांब खुराडं, वारं आरपार जातं. भाऊसाहेबाला माल ठेवायची एकच रीत ठावी. "हवा खेळती पायजे, न्हाई तं माल घाम धरतो." कार्डांची खोकी उघडून, कांद्याच्या शेजारी, खाली भुसा घालून तिन्ही वळीनं मांडल्याली. आन दर आठवड्याला बाया कांदा निवडाया येत्यात, त्या कांद्याबरुबर कार्डं बी उलटीपालटी करायच्या!

एक बाई मला म्हनली, "नाना, कोंब फुटल्याला कांदा लई बघितला. पंखं फुटल्याला पयल्यांदा बघितला."

मी एक दिवस गेलो चाळीवर. भाऊसाहेब कांदा बघत हुता. मी पयलं कार्ड उचललं. डोळं मिटलं. नाकाजवळ धरलं. एकदा हिकडून, एकदा तिकडून. मंग हळूच खाली ठेवलं आन उसासा सोडला.

"काय रं नाना?"

"काय न्हाई."

"सांग की!"

"जाऊ दे. तू म्हनशील, नानाला इंटरन्याशनल कळत न्हाई."

"नाना, तुला म्हातारीची आन हाय!"

मी त्याच्या कानाशी गेलो. आवाज बारीक केला. "भाऊसाहेब, लागलंय."

कांदेवाल्याला दुसरं काय बी सांगा. मानूस गेला सांगा. पन 'लागलंय', सड धरलीय, असं म्हनू नका! गड्याचं तोंड पांढरं पडलं.

"कुठं लागलंय?"

"आतून. व्हार्निश सुटाया लागलंय. वरून कळत न्हाई. मागच्या साली गावरानाचं तरी तुला वरून कळलं हुतं का?"

"आन बाकीची दोन?"

मी त्या वळीकडं बघितलं. "शेजारीच ठेवलीस ना?"

घरी जाऊन मी भाकर खाऊस्तवर तिन्ही कार्डं जावेदच्या कपाटात परत! घेतल्या भावात! जावेदनं आधी संगीताला फोन लावला, मंग एक कार्ड मशीनला लावून बघितलं. चोख चालतंय. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी पंख्याकडं बघितलं.

संगीता आली. कार्ड नाकाशी नेलं, नाक मुरडलं. "नाना, हे लागल्यालं हाय म्हनं?"

"व्हय. तू गप घरी ने."

ती नुसती बघत ऱ्हायली माझ्याकडं, लई येळ. मला वाटलं, पोरगी उपकार मानती. मी मिशीवर हात फिरवला.

राहिल्याली सहाच्या सहा लग्नं तिनं दिल्या तारखेला काढून दिली. घोडेगावचं घर बी कळल्यावर तोंड पाडून परत आलं. फक्त एक झालं. कार्ड तापलं की संगीताच्या खोलीत कांदा परतल्यागत वास सुटतो. एक गिऱ्हाईक म्हनलं, "ताई, तुमी आमची तारीख लिहून घ्या सावकाश, आमी जेवूनच जातो!"

* * *

पूजाचा पिच्चर आला. आमची म्हातारी अजून त्याला सीडीच म्हनती, पन इवलासा पेनड्राईव्ह. टीव्हीच्या पाठीत खुपसला. घर भरल्यालं. नातजावई, व्याही, व्याह्याची मानसं, सगळी सतरंजीवर.

काय पिच्चर! एकेक अक्षता मोजून घ्यावी. व्याह्याच्या नाकावरचा तीळ दिसतोय. मांडवात शिरल्यालं कुत्रं दिसतंय, त्याच्या गळ्यातली दोरी दिसती. पूजा रडली, वरून पाकळ्या पडल्या. म्हातारीनं पदर डोळ्याला लावला.

मंग मी आलो.

म्हंजी फेटा आला. कोट आला. आन फेट्याच्या आन कोटाच्या मधी नुसते चौकोन! बातम्यांत चोराला पकडल्यावर त्याचं तोंड झाकत्यात ना, तसे. ते चौकोन अक्षता टाकतायत. मी म्हनलं, टीव्ही बिघडला. उठून एक टप्पल मारली. शेजारी म्हातारी लख्ख! मागं भाऊसाहेब लख्ख, सर लख्ख, त्यांचा मोबाईल बी लख्ख!

पुढं पंगत. सगळ्यांची तोंडं सोन्यावानी, आन मधी चौकोन बसून जिलबी खातायत. पुढं भेटीगाठी. व्याही चौकोनांच्या गळ्यात पडतायत!

व्याही वळून म्हनले, "नाना, हे तुमचं कोन?"

पोरं लोळाया लागली. मी म्हातारीकडं बघितलं, म्हनलं ही तरी बोलंल. ती म्हनली, "बरं दिसतंय की."

चप्पल एक घातली, एक हातात धरली, आन निघालो. रस्त्यानं भाऊसाहेब इचारतोय, "काय रं, काय झालं?" मी थांबलो न्हाई. ज्या बाईसाठी मी चाळीत जाऊन कांद्याशेजारी नाक खुपसलं, तिनं हे करावं?

संगीता कम्प्युटरवर बसल्याली. खोलीत कांद्याचा वास. पडद्यावर कुनाची तरी नवरी रडती, आन ही एकेक पाकळी वरून सोडती.

"संगे! माझं तोंड कुठाय?"

तिनं मान सुदीक वर केली न्हाई.

"थांबा की नाना. नवीन कार्ड येतंय ना, बिगरपंख्याचं. वर ओलं फडकं टाकलं की दिसाल. कव्हा येतंय ते तेवढं तुमच्या साडूला इचारा."